चौकडीचे लुगडे आणि वाडीचे घर

बटण अडकवण्यासाठी कापडाला जे भोक पाडतात त्याला मराठीत ‘काज’ म्हणतात. शिंप्याच्या दुकानात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’ या शब्दावरून आला, आणि ‘काझा’ म्हणजे घर. त्या भाषेत बटणाच्या भोकालाही घरच म्हणतात. आशियाई भाषांत रुजलेल्या पोर्तुगीज शब्दांचा अभ्यास करणारे गोमंतकीय धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा शब्दांची मोठी रास मांडून ठेवली आहे. वेणीला बांधायची फीत, कपड्यांवरून फिरणारी इस्त्री, दाराची बिजागरी, कुलपाची चावी ही सारी मंडळी त्याच गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि पाहुण्यासारखी न राहता घरची होऊन गेली. इस्त्री करताना आपण परकी भाषा बोलतो आहोत असे कुणाला वाटत नाही. ज्या कलेविषयी येथे लिहावयाचे आहे तीही अशीच आहे. ती घरात आणि अंगावर राहते, आणि आपल्या वंशावळीचा उच्चार सहसा करीत नाही.

आपल्या नियतकालिकांत कवितासंग्रहांची समीक्षा होते, कादंबऱ्यांची होते, क्वचित एखाद्या चित्रकाराचीही होते. परंतु एखाद्या वाडीतील घरे आणि त्या घरांतील कापड यांकडे कलाकृती म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. हा विषय येतो तो सणावारी, आणि स्मरणरंजनाच्या सुरात. उंबराचे पाणी, लुगडे, बाटलीमसाला अशी यादी होते, ‘गेले ते दिवस’ असा निःश्वास टाकला जातो आणि लेख संपतो. यादीला आमचा विरोध नाही. पण यादी म्हणजे आस्वाद नव्हे. अमुक वस्तू चांगली का, तिच्यात नेमके काय साठले आहे, आणि तिचे आजचे अनुकरण कोठे फसते, हे विचारल्याखेरीज समीक्षा सुरूच होत नाही.

आम्ही हे प्रश्न गिरगावातील खोताच्या वाडीला विचारणार आहोत, आणि तेही सुकापुरात बसून. हे अंतर वाचकाला विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुकापूर पाली देवद ग्रामपंचायतीत मोडते आणि नवीन पनवेलला खेटून वाढले आहे. गावठाणातील उतरत्या छपरांची, ओटीची घरे. त्यांच्या पाठीशी तीन-चार मजल्यांच्या इमारती. आणि त्यांच्याही मागे लिफ्टचे मनोरे, असे थर येथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. थोडे पलीकडे जुने पनवेल आहे : वाडे, मशिदी, मंदिरे, आणि १८४९ साली उभारलेले बेने इस्राएल समाजाचे बेथ एल सभास्थान. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या साऱ्या प्रदेशाचा नकाशा बदलला. तो बदल निमूटपणे झाला नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या भूमीवर आज सदनिकांची जाहिरात होते तिच्या पोटात हाही एक थर आहे.

मुंबईत घर परवडेनासे झाले तेव्हा या बाजूला आलेल्या कुटुंबांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. कुणी गिरगाव-माझगावच्या वाडीतील हिस्सा सोडून आले, कुणी वांद्र्याहून, कुणी वसईहून, कुणी गोव्याहून. ओटी बरोबर आणता येत नाही, जिना आणता येत नाही. आणता येते ती पेटी. पेटीच्या तळाशी घडी घातलेले लुगडे असते, क्रोशाचे विणलेले टेबलावरचे आच्छादन असते, वेदीपुढील पडदा असतो. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न गिरगावात निर्माण झालेला असला तरी त्याचे उत्तर सुकापुरातील दोन खोल्यांत द्यावे लागते. म्हणून आम्ही हा विषय येथून पाहतो.

प्रथम घर. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ही वाडी वसवली आणि तेथील जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घेतल्या. एकेकाळी तेथे पासष्टच्या आसपास घरे होती; आज ती तीसहूनही कमी उरली आहेत. रस्त्याच्या बाजूला खुली ओटी, मागे अंगण, आणि वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीकडे नेणारा बाहेरचा लाकडी जिना अशी त्या घरांची ठेवण. पर्यटकांच्या पुस्तिका या ठेवणीला बिनदिक्कत ‘पोर्तुगीज शैली’ म्हणतात. आम्हांला हे विशेषण आळशीपणाचे वाटते. मुंबई बेट पोर्तुगीजांनी इंग्रजांच्या ताब्यात दिले ते १६६५ साली. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी घेतला तो १७३९ साली. वाडी त्यानंतर वसली, इंग्रजी अमलात, आणि तीही एका प्रभू खोताच्या जमिनीवर. मग त्या घरात पोर्तुगीज किती आणि कोकणी किती?

घर नीट पाहिले की उत्तर मिळू लागते. ओटी ही साऱ्या कोकणाची आहे. तिला पोर्तुगीज आरमाराची गरज नव्हती. आडनावे आणि भिंतीवरील क्रूस पोर्तुगीज कालखंडातून आले. कौलांचीही एक कथा आहे. ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो ती १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कारखाना काढला तेव्हापासूनची. म्हणजे कॅथलिक वाडीवरील छप्पर जर्मन-स्विस प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या भट्टीचे ऋणी आहे. त्याच मिशनने विणकामाचे कारखानेही चालवले होते, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. छप्पर आणि कापड एकाच हाताखाली तयार होत होते. असे थर एकावर एक चढले, आणि कोणत्याही एका थराने खालचा थर खरवडून काढला नाही. या घराचे सौंदर्य आम्हांला त्याच्या रंगीत भिंतींपेक्षा या गोष्टीत अधिक दिसते. बाहेरच्या जिन्याचेच घ्या. कुटुंब वाढले, मुलगा वेगळा झाला, भाडेकरू ठेवला, तरी खालच्या माणसाची झोप न मोडता वरच्याला घरी जाता येते. शेजार सांभाळण्याची एक रीत लाकडात उतरली आहे.

आता वस्त्र. ईस्ट इंडियन स्त्रीचे लुगडे, तिच्या बोलीत ‘लुगरा’, हे नऊवारी सुती वस्त्र. तांबड्या रंगाकडे झुकणारे, चौकड्यांचे. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती वृद्धांच्या अंगावरील लाल चौकड्यांचे लुगडे पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्याचे आणि याचे नाते उघड आहे. या वस्त्रावर वेल नाही, कोयरी नाही, मोर नाही. सारी नक्षी उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या छेदातून होते. रंगवलेले सूत ताण्यात किती धाग्यांनंतर घ्यायचे आणि बाण्यात किती धाग्यांनंतर, एवढाच विणकराचा निर्णय. कलेच्या दृष्टीने ही अत्यंत संयमी भाषा आहे. दोन रंग जेथे एकमेकांना छेदतात तेथे तिसरा रंग दिसतो, आणि तो कोणत्याही बाटलीत नसतो. चौकडीचा एक व्यवहारी गुणही आहे, ज्याकडे कलाइतिहासकारांचे क्वचितच लक्ष जाते. अशा कापडाला खोंप पडली तर रफूचा धागा रेषेच्या आधाराने चालतो आणि डोळ्याला सहसा दिसत नाही. कष्ट करणाऱ्या बाईसाठी हे वस्त्र योजले आहे. शेतात, मिठागरात कासोटा वर ओढून घ्यावा, मिस्सेला जाताना तोच खाली सोडावा. एकाच वस्त्राने दोन्ही भूमिका निभवाव्यात.

या वस्त्राचा मान कमी होत गेला त्यालाही तारखा आहेत. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी येथील ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोवा आणि मंगळूरकडून येणाऱ्या समान आडनावांच्या उमेदवारांपासून आपण वेगळे आहोत, कंपनीच्या अमलापासूनचे रहिवासी आहोत, हे रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी मागताना सांगता यावे, हा त्यामागील हेतू. नाव इंग्रजी झाले, शाळा इंग्रजी झाली, आणि शहरातील घरांत लुगड्याच्या जागी झगा आला. आजी लुगड्यात, आई साडीत किंवा झग्यात, नात झग्यात, असे एकाच भिंतीवर टांगलेले तीन फोटो हा गिरगाव-वांद्र्याच्या घरांतील अलिखित इतिहासग्रंथ होय. त्यात लाज किती आणि सोय किती याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. आमच्या मते दोन्ही होत्या.

वस्तीचा इतिहास कापडावर उतरवण्याचा दुसराही एक मार्ग जगात आहे, आणि तो आज अधिक प्रतिष्ठित आहे. फ्रान्समधील जुई या गावी १७६० साली ओबेरकाम्फ नावाच्या उद्योजकाने छापील कापडाचा कारखाना काढला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एका रंगात गुराखी, झाडे, कारंजी, प्रेमिक यांची चित्रे, हे तेथील कापडाचे वैशिष्ट्य ठरले. ते ‘त्वाल द जुई’ या नावाने ओळखले जाते. मौज अशी की हा धंदा उभा राहिला तो आपल्या छापील सुती कापडाच्या वेडातून. हिंदुस्थानी चिटांनी फ्रेंच विणकरांचा बाजार इतका बसवला की १६८६ साली तेथे चिटांवर बंदी आली. ती उठली १७५९ साली, आणि लगेच दुसऱ्या वर्षी जुईचा कारखाना निघाला. आपल्या काळात या जुन्या आकृतिबंधाचा उपयोग करून वस्तीचे चित्र काढण्याची टूम निघाली. ग्लासगो येथील ‘टिमरस बीस्टीज’ या संस्थेने २००४ साली गुराख्यांच्या जागी त्या शहरातील उंच इमारती आणि बाकावर बसलेले दारुडे आणून बसवले. न्यूयॉर्कमधील गृहसजावटकार शीला ब्रिजेस यांनी हार्लेम वस्तीसाठी असाच भित्तिकागद काढला. त्यात कृष्णवर्णीय माणसे बास्केटबॉल खेळतात, एकमेकींचे केस विंचरतात. हा विनोद तीक्ष्ण आहे. ज्या चित्रांत आपल्याला जागा नव्हती त्यांतच आपण जाऊन बसायचे, हा त्यातील प्रतिकार आम्हांला आवडतो.

परंतु या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे. कापड येथे कागदाचे काम करते. त्यावर वस्तीचे चित्र आहे, वस्तीचा हात त्याला लागलेला नाही. हार्लेमचा भित्तिकागद हार्लेमपासून दूर, जेथे एकही कृष्णवर्णीय शेजारी नाही अशा दिवाणखान्यातही तितकाच शोभतो. खोताच्या वाडीचेही असेच चित्र होऊ लागले आहे. लाल-पिवळी घरे, जिना, ओटीवर मांजर, एवढे रेखाटले की पिशवी, पेला, उशीचा अभ्रा यांवर ते कोठेही बसते. घर पडले तरी अभ्रा उरतो. आणि अभ्र्यावरील वाडीत माणसे कधीच नसतात; असतात ती मांजरे.

वाडीत स्वतः जी कलानिर्मिती होते तिचे मूल्यमापन मात्र अधिक सावधपणे करावयास हवे. तेथील रहिवासी आणि विख्यात वस्त्ररचनाकार जेम्स फेरेरा यांनी आपले वडिलोपार्जित घर टिकवले, पाहुण्यांसाठी उघडले, आणि वाडीत मनोरे उभे राहू नयेत म्हणून जाहीरपणे आवाज उठवला. त्यांची ख्याती आहे ती काफ्तानसाठी. आम्हांला त्या वस्त्रात आणि त्यांच्या घरात एक नाते जाणवते. काफ्तान हे पुरते घरातले नाही आणि पुरते बाहेरचेही नाही. ते ओटीवरचे वस्त्र आहे. अंगाला घट्ट न बांधता हवा खेळू देणे, शेजारी आला तर उठून आत जाऊन कपडे बदलण्याची गरज न पडणे, ही ओटीची सभ्यता त्या शिवणीत आहे. येथे वाडीचे चित्र कोठेही नाही, आणि तरी वाडी आहे. अभ्र्यावर छापलेल्या जिन्यापेक्षा ही अभिव्यक्ती आम्ही श्रेष्ठ मानतो.

२०२२ साली श्रीला चॅटर्जी यांनी वाडीतील एका जुन्या घरात ‘४७-अ’ हे रचनाकलेचे दालन सुरू केले. जुने घर पाडण्याऐवजी त्याला काम देणे, हे या उपक्रमाचे मोठे पुण्य. आमची शंका आहे ती अशा सर्वच दालनांबाबत. तेथे वस्तू थोड्या दिवसांसाठी येतात, भिंतीपासून अदबीने अंतर राखून टांगल्या जातात आणि विकल्या जातात. वाडीच्या घरात वस्तू येते ती हुंड्यात, वाटणीत किंवा उसनी, आणि सहसा परत जात नाही. म्हणून अशा प्रत्येक प्रदर्शनाला एक प्रश्न विचारावा : हे दुसऱ्या कोणत्याही जुन्या घरात याहून कमी शोभले असते काय? उत्तर ‘नाही’ असे आले तर वाडी तेथे केवळ पार्श्वभूमी आहे.

गोव्यातील उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी लाल चौकडीच्या कुणबी साडीला नवे आयुष्य मिळावे म्हणून २०१० च्या सुमारास प्रयत्न केले, हातमागावर ती पुन्हा विणवून घेतली, आणि २०१२ साली गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास ‘मोडा गोवा’ या ग्रंथात मांडला. कोलवाळ येथील आपल्या जुन्या घराला त्यांनी वस्त्रसंग्रहालय करण्याचे ठरवले, म्हणजे घर आणि वस्त्र यांना पुन्हा एका छपराखाली आणले. या कार्याचे ऋण मोठे आहे. चौकडीकडे गरिबाचे कापड म्हणून पाहणाऱ्या डोळ्यांना त्यांनी दुसरी नजर दिली. तरीही फॅशनच्या मंचावरून परतलेली साडी ज्या कष्टकरी बाईची होती तिच्याकडे सहज जात नाही. तिच्या किमतीत आता रचनाकाराचे नावही विणलेले असते. पुनरुज्जीवन झाले ते वस्त्राचे. ते वस्त्र वापरण्याच्या रीतीचे झाले असे म्हणता येत नाही. हा दोष रॉड्रिक्स यांचा नव्हे. रीत ही कोणा एकाच्या कर्तृत्वाने परत येत नसते.

तर मग रीत कोठे जिवंत आहे? आमचे बोट गोधडीकडे जाते. कोकणात, देशावर, घाटावर, ख्रिस्त्यांकडे आणि हिंदूंकडे, तिला वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, लेप म्हणा, तत्त्व एकच : जुनी, विरलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी थरावर थर घालून धावदोऱ्याने एकत्र धरायची. वरचा थर दिसतो, आतले दिसत नाहीत, पण उबेत त्यांचा वाटा असतो. कधी वरचे कापड झिजले की आतल्या थराचा काठ डोकावतो आणि घरातील म्हातारी सांगते, हे अमक्याच्या बारशाचे. येथे इतिहास चित्रित केलेला नाही. तो शिवून ठेवला आहे. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा घ्यायचा यात शिवणाऱ्या बाईची रंगदृष्टी इतकी पक्की असते की मोठमोठ्या चित्रकारांनी मान तुकवावी. तिला मात्र कुणी कलावंत म्हटले तर ती हसते आणि दोरा दाताने तोडते.

या कलेची आम्हांला माहीत असलेली सर्वांत धीट शाखा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींची. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलपट्टीत हा समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी जे निसटले त्यांचे वंशज त्यांत आहेत. त्यांच्यांत कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत, आणि त्यांची बोली कोकणी-मराठीला जवळची आहे. त्यांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. आपल्याकडे सहसा मोठे कापड पसरून शिवण घालतात. सिद्दी बाई एका कोपऱ्यापासून आरंभ करते, कडेकडेने तुकडे जोडीत आत आत जाते आणि मध्यावर पोहोचते. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसवते. फुलांवाचून कवंदी उघडी, नागवी, असे त्यांच्यांत मानतात. कॅथलिक बाईच्या कवंदीत क्रूस येतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर येते, आणि शिवण दोघींची सारखी असते. अमेरिकन कलाभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी २००४ पासून या कलेचा पाठपुरावा केला आणि त्यांच्या प्रयत्नांनी ती परदेशी संग्रहालयांत पोहोचली. ज्यांच्याकडून नाव, भाषा, गाव सारे हिरावले गेले त्यांनी दुसऱ्यांच्या टाकाऊ चिंध्यांतून आपल्या निजेपुरते घर उभे केले. त्यात आफ्रिका किती आणि कानडी मुलूख किती याची वाटणी विद्वानांनी करावी. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की त्या रचनेला पूर्वनियोजित आराखडा नसतो, आणि तरी ती कधी विस्कळीत वाटत नाही.

या ठिकाणी शुभवर्तमानातील ठिगळाची उपमा आठवते. न आटलेल्या कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले तर ते आटताना जुने वस्त्र अधिकच फाडते. ज्याने ही उपमा योजली त्याच्या घरी शिवणटिपण होत असले पाहिजे. गोधडीतील सारे तुकडे आधीच आटलेले असतात, म्हणून ते एकमेकांना ओढत नाहीत. खोताच्या वाडीत जुन्या घराच्या जागी मनोरा येतो तेव्हा जे होते ते या कसोटीवर नेमके सांगता येते. नवे बांधकाम नवे आहे म्हणून आमचा त्याला आक्षेप नाही. मंगलोरी कौलेही एकदा नवीच होती. ते वाडीच्या पाण्यात भिजलेले नसते, गल्लीच्या रुंदीला आणि शेजाऱ्याच्या उजेडाला धरून आटलेले नसते, हा आक्षेप आहे.

आता पेटीकडे परत येऊ. जुने लुगडे हाती असलेल्या कुटुंबापुढे आज तीन वाटा दिसतात. काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावावे, पेटीत ठेवून वर्षातून एकदा समाजाच्या मेळाव्यात नेसावे, किंवा कापावे. पहिली वाट आज सर्वांत सुसंस्कृत समजली जाते. आम्हांला ती सर्वांत दुबळी वाटते. काचेआड लुगड्याचा फारच थोडा भाग दिसतो, पदर आणि काठाचे नाते दिसत नाही, चाल तर मुळीच दिसत नाही. आणि आपल्याकडच्या दमट हवेत काचेआड त्याला बुरशी धरते ते वेगळेच. जतन करावयाचे असेल तर ते जाणत्या हाती जावे. मनोरी येथे ईस्ट इंडियन समाजाचे संग्रहालय आहे; तशा ठिकाणी उत्तम अवस्थेतील लुगडी नेसण्याच्या पद्धतीच्या नोंदीसह ठेवली गेली पाहिजेत, कारण विणकराला उद्या नमुना लागेल. दुसऱ्या वाटेबद्दल आम्ही कठोर होणार नाही. मेळाव्यात का होईना, अंगाला लागलेले वस्त्र अंगाला लागलेले असते. मात्र तेथे ते वेष न राहता पोशाख होते. नाच संपला की पिशवीत जाते.

राहिली तिसरी वाट. लुगड्याला कात्री लावावयाची म्हटले की घरात कुणीतरी दुखावते, हे आम्ही जाणतो. तरीही विरलेले, नेसण्याजोगे न राहिलेले लुगडे कापणे हाच त्याचा मान आहे, असे आमचे मत झाले आहे, कारण ज्या बायकांनी ते नेसले त्यांनी आपल्या सासवांच्या लुगड्यांचे तेच केले होते. चौकट ही आपली कल्पना आहे. कात्री ही त्यांची. कापलेले कापड ज्या वापरात जाईल तो वापर तेवढा खरा असावा. सोफ्यावर टाकायची शोभेची झूल आणि नातवाच्या अंगावरचे दुपटे या दोन वस्तू शिवणीने सारख्या असल्या तरी एक नाहीत.

आणि हा वापर केवळ घरापुरता का असावा? व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान संमत केले ४ डिसेंबर १९६३ रोजी. त्यानंतर मराठी मिस्सा आली, मराठी गायने आली, आरतीचे तबक आले. त्याआधीच आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या चित्रकाराने पुण्यात राहून मरियेला साडी नेसवली होती आणि त्यासाठी आपल्याच लोकांचे बोल ऐकले होते. चित्रातील मरियेला साडी मिळाली. वेदीला मात्र अजून मिळालेली नाही. धर्मग्रामाच्या सणाला मंचावर लुगडी झळकतात आणि त्याच सकाळी ग्रंथपीठावर चकाकणारे साटीन आणि यंत्रावरची नायलॉनची लेस असते. ज्या समाजात क्रोशा विणणाऱ्या मुली घरोघर होत्या, ज्यांच्यातील काही कुटुंबे ठाण्यात रेशीम विणीत होती अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये सापडते, त्यांच्या वेदीवर कारखान्यातील लेस असावी, हे आम्हांला कलादृष्ट्या गरिबीचे आणि उपासनेच्या दृष्टीने निष्काळजीपणाचे वाटते. वेदीवर पांढरे वस्त्र हवे, हा दंडक रास्तच आहे. पण वेदीच्या पुढील पडद्याला, ग्रंथपीठाच्या आवरणाला, अर्पणे आणताना तबकाखाली घेतल्या जाणाऱ्या कापडाला चौकडी वर्ज्य असण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. चौकडीच्या उभ्या-आडव्या रेषांत जागोजागी क्रूस आहे. तो वेगळा भरून काढावा लागत नाही.

सुकापूरसारख्या वस्तीत हे अधिक सोपे आहे, असे आम्हांला वाटते. येथे कोणतेही घर दोनशे वर्षांचे नाही, म्हणून ‘वारसा’ या शब्दाचे दडपण नाही. एका मजल्यावर वसईचे लुगडे आहे, वरच्या मजल्यावर गोव्याची कुणबी साडी आहे, समोरच्या दारात आगरी आजीचे नऊवारी आहे, आणि तिघींच्या सुना शिवणयंत्राच्या एकाच दुरुस्तीवाल्याकडे जातात. खोताच्या वाडीत जे दीडशे-दोनशे वर्षांत एकमेकांवर चढले ते येथे एका जिन्यावर शेजारी शेजारी मांडलेले आहे. ते जोडलेले मात्र नाही. आणि आगरी घरातील आजीला वाकळ शिवता येते, हे तिच्या ख्रिस्ती शेजारणीला बहुधा माहीत नसते.

हिशेब फार मोठा नाही. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरांचे तीन तुकडे एकावर एक घातले तर एका माणसाच्या पांघरुणाची तीन थरांची गोधडी होते. शिवायला दोन बायका बसल्या तर उन्हाळ्याच्या सुटीत ती पुरी होते, आणि पदराकडचा सव्वादोन मीटरांचा तुकडा शिल्लक राहतो. ग्रंथपीठाच्या आवरणाला तेवढा पुरतो.